सगळ्याच फुकट, मग उबुंटू-मिंटच घरोघरी का?

डिचोलीकर
आमच्या गावच्या वाचनालयातले संगणक विंडोज १० वर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचा आधार थांबवला आणि ही जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घालायचं एवढं समितीत ठरलं. तिची रूपं अनेक; त्यातलं कोणतं, यावर बराच वाद झाला. माझा आग्रह मिंटचा, म्हणजे उबुंटूवरच बांधलेल्या लिनक्सचा. माझं मत मांडतो, पटत नसेल तर खोडून काढा.

फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमपैकी कोणती पसरते हे तिच्या गुणांवर फारसं ठरत नाही. ती लोकांच्या हातात कोणी नेऊन दिली आणि अडलं तर विचारायला जवळ कोण आहे, यावर ठरतं. डेबियन हे लिनक्सचं रूप १९९३ चं. उबुंटू त्याच्याच पायावर २००४ साली उभं राहिलं, तरी घरोघरी नाव झालं ते उबुंटूचं. का? मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने २०११ पर्यंत मागेल त्याला पोस्टाने सीडी पाठवल्या, टपालखर्चही न घेता. डायल-अपवर अख्खी सीडी उतरवून घेणं म्हणजे काय, हे त्या काळी सत्तरी-पेडण्यात राहिलेल्यांना सांगायला नको. त्याआधी पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची, तीही अशीच या घरातून त्या घरात फिरायची.

मडगाव स्टेशन
सीडीचं खरं आहे, पण तुम्ही गोष्ट मधूनच सुरू केलीत. १९९२ मध्ये साध्या ३८६ संगणकावर चालणारी बीएसडी आली होती, युनिक्स या जुन्या सिस्टीमच्या घराण्यातली. मागे बर्कली विद्यापीठाचं कित्येक वर्षांचं काम, लिनक्सपेक्षा कितीतरी मुरलेली. त्याच वर्षी एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडी विकणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला, पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन! पण मधल्या काळात कोर्टात अडकलेल्या कोडवर कोण धंदा उभा करणार? लोक लिनक्सकडे गेले. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी खुद्द १९९३ मध्ये सांगितलं होतं की आपण सुरुवात केली तेव्हा ही बीएसडी हाताशी असती तर लिनक्स बहुधा झालंच नसतं. इथे गुण नाहीत आणि सीडीही नाही. वेळ आहे.

पर्वरी सर्व्हररूम
दावा १९९४ मध्ये मिटला. लिनक्सची १.० आवृत्तीही १९९४ चीच. मग पुढच्या तीस वर्षांत बीएसडीने अंतर का भरून काढलं नाही? वेळेवर सगळं ढकलता येत नाही. लिनक्स स्वस्तातल्या आयडीई डिस्कवर, डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिस्टीमच्या शेजारी गुमान नांदायचं. यूएमएसडॉस ही सोय वापरली तर लिनक्स डॉसच्याच जागेत राहायचं, डिस्कचा वेगळा भाग (पार्टिशन) सुद्धा करावा लागत नसे. घरात एकच संगणक आणि तो वडिलांचा असेल, तर मुलगा त्यावर काय घालून बघेल?

जीपीएल परवान्याचंही कारण सांगतात, की घेतलेलं सुधारून वाटायचं तर कोड द्यावाच लागतो, म्हणून कंपन्या लिनक्सभोवती जमल्या. मला ते अर्धंच पटतं. वेबसाइट चालवणाऱ्या अपाचे वेब सर्व्हरचा परवाना बीएसडीसारखाच सैल, कोड द्यायची सक्ती नसलेला होता, तरी त्याने नव्वदच्या दशकात सगळ्यांना मागे टाकलं. आणि फ्रीबीएसडी, म्हणजे बीएसडीचीच आजची एक शाखा, कोपऱ्यात पडली आहे असं समजू नका. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ फ्रीबीएसडीच्याच सर्व्हरांवरून पाठवतं, प्लेस्टेशन ४ ची सिस्टीमही तिच्यावरच बांधलेली. फक्त ती दिसत नाही.

साखळी बाजार
डिचोलीकर, उबुंटूच्या सीडीबद्दल माझा ठाम विरोध. सीडी घरात आल्याने लोक टिकत नाहीत, वायफाय चालल्याने टिकतात. वायफायसारख्या भागांना चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर; त्यातलं कोड न दिलेलं, बंदिस्त फर्मवेअर डेबियन तत्त्वासाठी इन्स्टॉलरबाहेर ठेवायचं. नवा माणूस लॅपटॉपवर डेबियन घालायला बसला की निम्म्या वाटेवर नेट नाही. उबुंटूने ते सोबत दिलं. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान घेऊन नियम बदलला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. मिंटचंही तेच. २०११ मध्ये उबुंटूने युनिटी हा नवा पडदा-मेनू आणला, ग्नोम या आधीच्या पडदा-मेनूनेही चेहरामोहरा बदलला. सवय मोडलेले पुष्कळ लोक मिंटकडे गेले, कारण तिथे मेनू जुन्या जागी होता. कोणी नेऊन दिलं म्हणून गेले नाहीत, स्वतःच्या पायांनी गेले.

फोंड्याची शिक्षिका
मला डिचोलीकरांना सरळ विचारायचं आहे. हातात नेऊन देणं एवढंच पुरत असेल तर बॉस हे भारतीय लिनक्स का पसरलं नाही? सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये आणलं, सरकारचा पाठिंबा, भारतीय भाषा आत, पाया डेबियनचा. आज आपल्यापैकी कोणाच्या घरी आहे?

डिचोलीकर
ताई, माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग तोच आहे: विचारायला जवळ कोण. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजलं, कारण तिथे आधी शिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तकं त्यावर लिहिली. बंद पडलं तर शाळेतलाच कोणी दुरुस्त करतो. बॉसच्या मागे ती माणसं उभी राहिली नाहीत. वायफायचं साखळीकरांचं म्हणणं मात्र वजनदार आहे. तरी मी म्हणेन, वायफाय अडलं तेव्हा उबुंटूवाल्याला उत्तर मिळालं, कारण तोच प्रश्न आधी हजारो लोकांनी विचारलेला होता.

म्हापसा छापखाना
तुमच्या वादात आमचा विचार कोणी करत नाही. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकांची पोस्टरं, आमची वर्षानुवर्षांची सगळी कामं श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत आणि कोरलड्रॉमध्ये आहेत. त्या फायली लिनक्सवर उघडून बघा, मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. उबुंटू, मिंट, बीएसडी, आम्हाला तिन्ही सारखीच बंद. नवं काम युनिकोडमध्ये करतो तेव्हा लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट येतात, ते मान्य. पण गिऱ्हाईक मागच्या वर्षीचीच पत्रिका तारीख बदलून मागतं.

साखळी बाजार
डिचोलीकर, तुमच्याच नियमाने बोलू. विचारायला जवळ कोण हे महत्त्वाचं, तर तुमच्या वाचनालयात मिंटचा आग्रह कशाला? जवळ मी आहे आणि मला डेबियन येतं. मे महिन्यात पोरं गेम शोधत येतील आणि कोणीतरी काहीतरी मोडून ठेवील, तेव्हा मीच धावून येणार आहे. रविवारी येतो.

डिचोलीकर
या. पण समितीसमोर देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक चालवून दाखवा आणि त्याच दिवशी आपल्या जुन्या प्रिंटरवर एक पान छापून द्या. दोन्ही जमलं तर डेबियन. प्रिंटरने मान टाकली तर मी मिंटचा पेनड्राइव्ह तयार ठेवला आहे.