डिझेलचा फडका नको
कोणीतरी लिहिलंय की बाईक धुतली की डिझेलचा फडका मारायचा, मस्त चमकते. चमकते हो, पण दोन दिवस, मग त्या तेलकटपणावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसते आणि रबरी पार्ट फुगतात ते वेगळंच. मी पण वर्षभर हेच केलं, फूटरेस्टचं रबर पार मऊ पडलं तेव्हा अक्कल आली.

आता गाडी थंड झाली की सावलीत घेतो आणि आधी नुसतं पाणी मारून माती सुटू देतो, कारण कोरड्या धुळीवर फडका फिरवला की टाकीवर ते उन्हात दिसणारे गोल गोल बारीक ओरखडे येतात ना, ते त्यानेच. मग गाडीचा शाम्पू, बादल्या दोन, एक फेसाची, एक फडका विसळायला. भांड्यांचं लिक्विड नको, रंगावरचं वॅक्स उतरतं.

चेनला मात्र रॉकेल चालतं, जुना टूथब्रश घ्या, पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल, पण इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा बरं का, बोटं जातात लोकांची.

पॉलिश सगळ्यात शेवटी, आणि मॅट कलर असेल तर अजिबात नाही, मधेच चकचकीत पट्टे उठतात. टायर आणि ब्रेकच्या डिस्कपासून तर लांबच ठेवा.