हॉटेलचं बिल, प्रवासाचं तिकीट: क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सचे तुमचे अनुभव सांगा

पौडफाटा
काल माळा आवरताना आईच्या जुन्या पर्समध्ये बोर्डिंग पास सापडला. आईबाबांच्या काशीच्या विमानाचा. शाई जवळपास उडालीय, पण आईने टाकू दिला नाही.

ती दोन्ही तिकिटं मी कार्डाच्या पॉइंट्सवर (कार्डाने खर्च केला की बँक बक्षीस म्हणून देते ते) काढली होती, कर आणि विमानतळाचे आकार तेवढे खिशातून भरले. तेव्हा ऑफिस बाणेरला होतं. बालेवाडी हाय स्ट्रीटवर टीमचं जेवण झालं की बिल मी माझ्या कार्डावर भरायचे आणि सगळे आपापला वाटा लगेच मला पाठवायचे. त्या कार्डावर हॉटेल आणि प्रवास या दोन खर्चांना इतर खर्चांपेक्षा जास्त पॉइंट्स होते. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, क्रेडिट कार्ड म्हणजे कर्ज हे त्यांचं ठाम मत. विमानात शेजारच्यांना सांगत होते, "मुलीने हॉटेलात जेवून जेवून आम्हाला काशीला पाठवलंय."

माझा नियम तेव्हाही हाच होता आणि आजही आहे: पॉइंट्ससाठी एक रुपयासुद्धा जास्त खर्च करायचा नाही. जो खर्च होणारच आहे, तो कुठल्या कार्डावर टाकायचा एवढंच बघायचं. तुम्ही कसे जमवले, कुठे वापरले, सविस्तर लिहा.

सिंहगडरोड
बाबांचं वाक्य भारी!! नंतर सविस्तर लिहितो, कुकर लावलाय.

स्वाइपमास्तर
कार्ड मशीनच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

'डायनिंगला जास्त पॉइंट्स' असं बँक म्हणते तेव्हा ती तुमच्या ताटात काय आहे ते बघत नाही. दुकानदाराला मशीन देणारी बँक त्याला चार आकडी कोड लावते, तो बघते. बसून जेवायचं हॉटेल ५८१२, फास्ट फूड ५८१४, बार ५८१३, बेकरी ५४६२, किराणा ५४११. राहायच्या हॉटेलचा ७०११. त्यामुळे मोठ्या तारांकित हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलात तर कधीकधी तो खर्च 'डायनिंग' न होता 'हॉटेल' होतो. तुमच्या कार्डावर प्रवासाला जास्त पॉइंट्स असतील तर उलट फायदाच! मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानाच्या आतल्या कॅफेत मशीन दुकानाच्याच नावाचं असेल तर जेवण कपड्यांच्या खात्यात जातं.

मुंजीचं केटररचं बिल मोठं असतं, तिथे बरेच जण आशेने कार्ड पुढे करतात. केटररचा कोड ५८११, म्हणजे वेगळा. काही बँका तो डायनिंगमध्ये धरतात, काही नाही. कार्डाच्या अटींमध्ये कोड दिलेले असतात, मोठ्या बिलाआधी पाच मिनिटं काढून वाचा.

गुळपोळी
@स्वाइपमास्तर काका, अगदी वेळेवर लिहिलंत. पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे, एरंडवण्यात हॉल घेतलाय. वहिनीला आत्ताच फोन करते. बाकी केटरर कुणी सुचवता का? अळूची भाजी नीट करणारा हवा.

स्वाइपमास्तर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जिलबी चांगली, मठ्ठा त्याहून चांगला.

डेक्कनक्वीनचा_पासवाला
आमचं सगळं रेल्वेचं. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आलीच नाही. मुलीने स्टेट बँकेचं आयआरसीटीसीवालं कार्ड काढायला लावलं. आयआरसीटीसीच्या साइटवरून एसीचं तिकीट काढलं की पॉइंट्स येतात आणि एक पॉइंट म्हणजे एक रुपया, पुढच्या तिकिटात वळता होतो. हिशेब सरळ असल्यामुळे मला आवडतं. नागपूरला नातवाकडे जाणं-येणं असतं, त्यातलं अधूनमधून एखादं तिकीट असं निघतं. खिडकीवर रांगेत उभं राहून काढलेल्या तिकिटाला मात्र हा फायदा नाही.

भिडे_पुलाजवळ
काका, डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये कार्ड दिलं तर तो प्रवास की डायनिंग? 😀

डेक्कनक्वीनचा_पासवाला
मी तिथे कायम रोख देत आलोय. पण ऑम्लेट-टोस्ट घेऊन त्या टेबलाशी बसायचं आणि खिडकीतून घाट बघायचा, त्याला तोड नाही. १ जून १९३० ला गाडी सुरू झाली, दर १ जूनला पुणे स्टेशनावर वाढदिवस होतो. एकदा तरी या.

सिंहगडरोड
कुकर झाला. माझा अनुभव विस्तारा या विमान कंपनीचा. बंगलोरच्या कामाच्या फेऱ्यांमुळे तिथे बरेच पॉइंट्स साठले होते. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा घरात सगळे म्हणाले गेले पॉइंट्स. तसं झालं नाही, एकास एक तिकडे गेले. पण तेव्हापासून मी साठवून ठेवत नाही. बँक असो की विमान कंपनी, पॉइंटची किंमत उद्या कमी करणं त्यांच्या हातात आहे. जमले की वापरून मोकळं व्हायचं.

हिशेबी_नणंद
सिंहगडरोडना अनुमोदन. आणि वापरताना कुठे वापरता तेही बघा. माझ्या कार्डावर विमानाच्या तिकिटासाठी एक पॉइंट ५० पैशांचा, बिलातून वळता केला तर २० पैशांचा. कॅटलॉगमधल्या मिक्सर आणि डिनर सेटच्या किमती तर दुकानात विचारून आले, तिथे कमी होत्या. शिवाय दर महिन्याला बोनस पॉइंट्सची मर्यादा असते, ती भरली की पुढचं जेवण साध्या दराने. दिवाळीच्या महिन्यात आमची मर्यादा पहिल्याच आठवड्यात भरते.

बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर तिकीट काढलं की कितीतरी पट पॉइंट्स मिळतात, पण आधी विमान कंपनीच्या साइटवरचा दर बघायचा. पोर्टलवर सेवाशुल्क धरून तिकीट महाग पडत असेल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिकीट रद्द केलंत तर आलेले पॉइंट्सही परत जातात, हे लक्षात असू द्या.

कर्वेनगर_४११०५२
पॉइंट्सची गंमत कळते, पण मला काळजी वाटते म्हणून लिहितोय. माझ्या धाकट्या भावाने याच नादात कार्ड घेतलं आणि दर महिन्याला 'किमान देय' तेवढंच भरत गेला. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के. ४०,००० ची बाकी धरा. दोन टक्क्यांनी पॉइंट्स मिळाले ८०० रुपयांचे. एका महिन्याचं व्याज १,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे कार्ड देणारा मुलगा सांगत नाही. आता सगळं फिटलंय, पण घरात फार ताण झाला. पूर्ण रकमेचं ऑटो डेबिट लावा आणि मगच पॉइंट्स मोजा.

गुळपोळी
दादा, फिटलं हे वाचून बरं वाटलं. भावाला सांगा, एकटा नाही तो. आमच्या सोसायटीत दोन घरं यातून गेली आहेत.

पौडफाटा
@कर्वेनगर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. धाग्यात हे यायलाच हवं होतं.

चहाबाज
रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून. मी जोडलंय. मिसळ, डोसा, मस्तानी सगळं स्कॅन करून. अडचण एवढीच की क्यूआर दुकानाच्या नावाचा लागतो. आमच्या अमृततुल्यवाल्याचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या बचत खात्याचा, तिथे क्रेडिट कार्ड चालतच नाही. आणि यूपीआयवरच्या खर्चाला काही बँका बोनस पॉइंट्स देत नाहीत, तेही तपासा.

भिडे_पुलाजवळ
चहाला सुटे पैसे ठेवा हो, बिचारा सकाळी सहाला उभा असतो.

लोहगाव_रहिवासी
विमानतळावरच्या लाउंजचं कुणीच कसं लिहिलं नाही? पुण्याचं नवं टर्मिनल जुलै २०२४ ला सुरू झालं. सासूबाईंना पहिल्यांदा लाउंजमध्ये नेलं, कार्ड मशीनला लावून नाममात्र २ रुपये गेले. पोटभर पोहे, फळं, चहा. "एवढंच कापलं?" असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला तीनतीनदा विचारलं. आता माझ्या बँकेने आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच लाउंज, असं केलंय. निघण्याआधी ॲपमध्ये बघते.

सिंहगडरोड
पौडफाटा ताई, एक विचारायचं राहिलं. काशीची तिकिटं किती आधी काढली होती? मी आईला द्वारकेला न्यायचं म्हणतोय, पॉइंट्स बँकेत पडून आहेत.

पौडफाटा
बऱ्याच महिन्यांआधी. पॉइंट्सवरच्या सीट थोड्या असतात आणि सुट्ट्यांमध्ये तर मिळतच नाहीत. आणि दादा, बँकेतून विमान कंपनीकडे एकदा पाठवलेले पॉइंट्स परत घेता येत नाहीत. आधी तारखेला सीट दिसतेय का बघा, मग पाठवा. पोचायलाही कधीकधी काही दिवस लागतात. कुठे उतरणार, राजकोट?

हिशेबी_नणंद
जामनगर जवळ पडतं. तिथून गाडीने अडीच-तीन तास. आईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.