प्लॉट बघायला एकदा पायी जा
भाऊ, 'समृद्धीचा इंटरचेंज ५ मिनिटांवर' म्हणून वर्ध्याजवळचा प्लॉट घ्यायचा म्हणता. पण समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, मग त्यावर चढायचा-उतरायचा इंटरचेंज जवळ असून काय उपयोग? कार नसेल तर तो रस्ता असून नसल्यासारखाच.

आम्ही असाच गावाबाहेरच्या लेआउटमध्ये घेतला. दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते. पेट्रोल संपलं की त्या दिवशी कोरा चहा. मी कामावर गेलो की आई घरात अडकलेली, तिला गाडी चालवता येत नाही न!

सातबारा, अकृषक आदेश (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी), मंजूर नकाशा बघालच. पण एजंटच्या एसी गाडीतून नका जाऊ. मे महिन्यात भरदुपारी फाट्यापासून प्लॉटपर्यंत चाला. शेवटची एसटी किती वाजता, तेही फाट्यावरच्या पानठेल्यावरच विचारा, एजंटला नाही.