मदत हवी आहे: बेळगावात लीजवर घेतलेले घर गळते, दुरुस्ती कोणाकडून करून घ्यावी?

नमस्कार.

प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील गाळून विचारला तर उत्तरेही मोघम मिळतात, म्हणून सर्व लिहितो. आधी एक विनंती. आम्ही बेळगावात, म्हणजे कर्नाटकात राहतो. नातेवाइकांमध्ये हा विषय काढला तेव्हा पुण्या-कोल्हापूरच्या मंडळींनी 'उपनिबंधकांकडे तक्रार करा', 'सोसायटीच्या आदर्श उपविधींत पाहा' असे मनापासून सुचवले. परंतु ते सगळे महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातले आहे आणि सीमेवरचे शिनोळी ओलांडून बेळगावकडे आले की त्याचा उपयोग होत नाही. म्हणून बेळगाव, धारवाड किंवा हुबळीकडचा अनुभव असलेल्यांनी शक्यतो उत्तर द्यावे.

मी मूळचा खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडचा असून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. मुलीच्या शाळेसाठी एप्रिल 2024 मध्ये अनगोळ भागातील एका इमारतीत, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, दोन बेडरूमचा फ्लॅट 'लीज'वर घेतला. मुंबईकर ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतात, साधारण तसाच हा व्यवहार असतो. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दरमहा भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपली की तीच रक्कम बिनव्याजी परत घ्यायची. आम्ही तीन वर्षांसाठी सहा लाख रुपये दिले. त्यांतील चार लाख गावच्या काजूच्या बागेवर वर्षानुवर्षे साठवलेले आणि दोन लाख सोने गहाण ठेवून उभे केलेले आहेत. त्यामुळे 'पटत नसेल तर घर सोडा' हा सल्ला कृपया देऊ नये. मालकाकडून रक्कम परत मिळाल्याशिवाय आम्हाला दुसरे घर घेताच येत नाही.

घर पाहिले तेव्हा उन्हाळा होता आणि भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. त्या रंगाचा वासही गेला नव्हता. आम्हाला त्याचे कौतुक वाटले, हे आता लिहिताना ओशाळल्यासारखे होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावचा पाऊस नेहमीप्रमाणे झडीने लागला आणि चार दिवसांत मागच्या बेडरूमच्या छतावर ताटाएवढा ओला डाग उमटला. जुलैत त्या डागातून थेंब पडू लागले, गिलाव्याचे पोपडे सुटले आणि एका रात्री पंख्याजवळचा हातभर तुकडा पलंगावर कोसळला. मुलगी तेव्हा हॉलमध्ये अभ्यासाला बसली होती म्हणून वाचली. तुकडा पडला तेथे आतली सळई उघडी पडली असून ती गंजून फुगलेली दिसते. आमच्या जांबोटीकडे बेळगावाहून कितीतरी अधिक पाऊस पडतो, पण तिथले कौलारू घर दरवर्षी कौले चाळली की कोरडे राहते.

ओल कुठून येते हे समजून घेण्यासाठी मी ओळखीच्या एका गवंड्याला बोलावले. त्याने गच्चीवर जाऊन पाहिले तर कोबा जागोजागी तडकलेला, पन्हाळीच्या पाइपाची तोंडे पाचोळ्याने बुजलेली आणि एका कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलेले होते. परंतु त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. बाथरूमलगतच्या भिंतीची ओल गच्चीची नसून भिंतीत दडलेल्या पाइपाची असावी, असे त्याचे मत पडले. 'पाऊस संपल्यावर बघा, छत वाळेल, ही भिंत वाळणार नाही,' असे तो म्हणाला आणि झालेही तसेच. डिसेंबरमध्ये छत पूर्ण कोरडे झाले, भिंत मात्र आजही ओली आहे. म्हणजे दोष दोन आहेत, एक सामाईक गच्चीचा आणि दुसरा फ्लॅटच्या आतला.

खरी अडचण येथून सुरू होते. मालक गोव्यात, म्हापशाकडे असतात. फोन केला की ते नम्रपणे बोलतात, पण उत्तर ठरलेले असते: गच्ची सगळ्यांची आहे, समितीला सांगा. समितीचे अध्यक्ष तळमजल्यावर राहतात, तेथे कधी काही गळत नाही. त्यांचे म्हणणे असे की भाडेकरू हा समितीचा सभासद नसतो, त्यामुळे तुमची तक्रार आम्ही लिहून घेऊ शकत नाही, तुमच्या मालकांनी यावे. मालक यायला तयार नाहीत. भिंतीतल्या पाइपाबद्दल विचारले तर मालक करारातील एक कलम दाखवतात. करार कन्नडमध्ये आहे. मला कन्नड बोलता येते, वाचताना मात्र अडखळायला होते. मुलगी शाळेत कन्नड शिकते, तिने ते कलम मला नीट वाचून दाखवले. 'किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी' आणि 'घर सुस्थितीत ताब्यात घेतले आहे', अशी दोन वाक्ये तेथे आहेत. दोन्हींखाली माझी सही आहे. करार तीन वर्षांचा असून शंभर रुपयांच्या ई-स्टँपवर नोटरीसमोर झाला आहे, त्याची नोंदणी केलेली नाही. पैसे मात्र बँकेतून दिले आहेत.

इमारतीच्या बाकी अवस्थेविषयी थोडक्यात लिहितो. फ्लॅट चोवीस आहेत आणि मेंटेनन्स दरमहा आठशे रुपये आहे, पण निम्म्या घरांकडून तो येत नाही. आम्ही तो न चुकता भरतो. पावती साध्या पुस्तकातली मिळते, तिच्यावर नोंदणी क्रमांक नसतो. लिफ्ट आम्ही येण्याच्या आधीपासून बंद आहे आणि तिच्या खड्ड्यात पाणी साचून डासांची पैदास होते. मागच्या बाजूचे चेंबर पावसाळ्यात तुंबून घाण पाणी पार्किंगमध्ये पसरते. गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही, म्हणून आम्ही पिण्याचे पाणी उकळून घेतो. जिन्याच्या मीटरचे बिल थकल्यामुळे वीज तोडली गेली तेव्हा जमिनीखालच्या टाकीतून (संपमधून) पाणी वर चढवणारी मोटर आमच्या मीटरवर जोडावी, असे अध्यक्षांनी सुचवले. राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आमचे बिल शून्य येते, हे त्यांना माहीत होते. पण त्या योजनेत आपल्या सरासरी वापराहून दहा टक्केच जास्त, आणि तेही 200 युनिटांच्या आत, सवलत असते. चोवीस घरांची मोटर माझ्या मीटरवर चालली तर सवलत जाऊन पूर्ण बिल माझ्या गळ्यात पडेल. मी नकार दिला, तेव्हापासून अध्यक्ष जिन्यात समोर आले तरी बोलत नाहीत.

आता प्रश्न. भाड्याचे घर असते तर दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून रक्कम वळती केली असती. येथे भाडेच नाही आणि सहा लाख मालकाकडे अडकलेले आहेत, मग मी कशातून वळते करावे? नोंदणी न केलेल्या करारामुळे उद्या मालकांनी हात झटकले तर माझी बाजू लंगडी पडेल का? आणि 'सुस्थितीत ताब्यात घेतले' या वाक्यावर सही केल्यामुळे गळतीविषयी बोलण्याचा माझा हक्कच संपला, असे मालक म्हणतात, ते कितपत खरे आहे? पुढचा पावसाळा येण्यापूर्वी काहीतरी मार्ग निघावा अशी इच्छा आहे.

प्रतिसाद 1

मी वकील नाही. धारवाडच्या न्यायालयात बरीच वर्षे कारकुनी केली, तेथे पाहिलेले सांगतो. अंतिम सल्ला वकिलांकडून घ्यावा.

कर्नाटक भाडे कायदा, 1999 याच्या भरवशावर राहू नका. मोठ्या शहरांत मासिक साडेतीन हजार आणि इतरत्र दोन हजारांहून अधिक भाड्याच्या घरांना तो लागू होत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक फ्लॅटांना तो निरुपयोगी आहे. आपल्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 पाहावा लागेल. त्याच्या कलम 108 मध्ये आपण म्हणता ती वळती करण्याची तरतूद आहे, पण तिच्यात दोन अटी आहेत: ती दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक असले पाहिजे, आणि सूचना देऊनही त्याने वाजवी वेळेत ती केलेली नसली पाहिजे. आपल्याकडे भाडे नसल्याने हा मार्ग अडतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

मात्र त्याच कलमात त्याहून आधी एक गोष्ट येते आणि आपल्या हकिकतीला ती अधिक लागू पडते. घराच्या वापराला बाधक असा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल आणि साधी काळजी घेऊनही तो त्याच्या लक्षात येण्यासारखा नसेल, तर मालकाने तो आधी सांगितला पाहिजे. एप्रिलमध्ये नवा रंग दिलेल्या छतावरून गळती कोणाला ओळखता येणार? म्हणून प्रश्न असा की मालकाला ती आधीपासून माहीत होती का. आपल्या आधी तेथे कोण राहत होते, त्यांना शोधा. त्यांनी गळतीबद्दल मालकाला पाठवलेला एखादा संदेश मिळाला, तर 'सुस्थितीत' या शब्दाचे वजन बरेच कमी होईल.

कराराविषयी सांगायचे तर एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते, म्हणून लोक अकरा महिन्यांचे करार करतात. आपला कागद कच्चा आहे यात शंका नाही. पण पैसे बँकेतून गेले आहेत, हा पुरावा त्या कागदावर अवलंबून नाही. बँकेचे उतारे जपून ठेवा. फ्लॅटवर मालकाचे कर्ज आहे का, हेही उपनोंदणी कार्यालयातून बोजाचा दाखला काढून पाहून घ्या. कर्ज थकले आणि बँकेने घराचा ताबा घेतला, तर लीजवर राहणारा मध्येच अडकतो.

समिती खरोखर कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1972 खाली आहे का, हे घोषणापत्राची, म्हणजे इमारत त्या कायद्याखाली आणणाऱ्या दस्ताची, नोंदणी झाली आहे की नाही यावरून कळते. त्याची प्रतही उपनोंदणी कार्यालयात मागता येते. ते नसेल तर आपण सभासद नाही या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही, कारण मग त्या कायद्याने कोणीच सभासद नाही.

प्रतिसाद 2

बांधकामाच्या बाजूने दोनच वाक्ये. छताला खालून कोणतेही केमिकल किंवा डांबर लावून घेऊ नका, कारण पाणी वरून येतच राहते, स्लॅबमध्ये अडते आणि सळ्या अधिक गंजतात. काम गच्चीवरूनच झाले पाहिजे. पंख्याजवळची सळई उघडी पडली असेल तर त्या पलंगाची जागा आजच बदला, चर्चा नंतर करता येईल.

प्रतिसाद 3 (धागा लेखक)

दोघांचेही मनापासून आभार. पलंग काल हलवला. ती खोली आता रिकामीच ठेवली आहे.

आधीचे भाडेकरू सापडले. ते आता वडगावात राहतात आणि मी दारात नाव सांगताच 'मागच्या खोलीत अजून परात ठेवता का?' असे त्यांनीच विचारले. त्यांनी 2022 च्या पावसाळ्यात मालकांना छताची छायाचित्रे पाठवली होती. ती त्यांच्या फोनमध्ये अजून आहेत आणि ती मला देण्यास ते तयार आहेत. त्यामुळे मालकांना पाठवायच्या पत्रात मी गच्ची आणि भिंतीतला पाइप यांचा स्वतंत्र उल्लेख करणार आहे, दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मुदत देणार आहे आणि पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवणार आहे. करार कन्नडमध्ये असल्याने पत्राची एक प्रत कन्नडमध्येही जोडतो. ती मुलगी लिहिते आहे आणि माझी वाक्ये फार लांब आहेत अशी तिची तक्रार आहे.

लिफ्टच्या खड्ड्यातील डासांसाठी आणि चेंबरसाठी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे अर्ज करावा असे ठरवले आहे, कारण डेंग्यूच्या डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागेच्या मालकांना दंड करण्याची तरतूद राज्य सरकारने 2024 मध्ये केली आहे आणि त्या बाबतीत सभासद कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. हा अर्ज मी एकट्याने द्यावा की तिसऱ्या मजल्यावरच्या दोन भाडेकरूंच्या सह्या घेऊन द्यावा, हे कोणी सांगू शकेल का? ते दोघेही लीजवरच आहेत आणि सही करण्यास थोडे कचरत आहेत.