१ − क्ष चा व्यस्त: पूर्णता नेमकी कुठे लागते?

प्रश्न: एकक असलेल्या नॉर्म्ड बीजगणितात (जिथे बेरीज, गुणाकार आणि घटकाची ‘लांबी’, म्हणजे नॉर्म ‖ ‖, असते) ‖क्ष‖ < १ असेल तर १ + क्ष + क्ष² + … ही श्रेणी १ − क्ष चा व्यस्त देते. मग ‘बानाख’ची, म्हणजे बीजगणित पूर्ण असण्याची (प्रत्येक कोशी क्रमिकेची सीमा आतच सापडण्याची) अट कशाला? आंशिक बेरजा तर कोशी आहेतच, म्हणजे एकमेकींच्या हव्या तितक्या जवळ येतात.

उत्तर १: कोशी आहेत, पण सीमा त्याच बीजगणितात सापडेल याची हमी काय? [०, १/२] वरच्या बहुपदी घ्या, नॉर्म म्हणजे |फल| ची कमाल किंमत. चल ट हीच बहुपदी घेतली तर ‖ट‖ = १/२. तरी १ − ट चा व्यस्त १/(१ − ट), आणि ती बहुपदी नाही. श्रेणी बाहेर निसटते.

उत्तर २: याच उदाहरणात पुढे बघा. कुठल्याही संमिश्र λ साठी ट − λ ला बहुपदी व्यस्त नाही, म्हणजे ट चा वर्णपट (ज्या λ साठी ट − λ ला व्यस्त नसतो त्यांचा संच) अख्खं संमिश्र प्रतल! वर्णपटाची संहतता (बंद आणि सीमित असणं) गेली, वर्णपटातल्या सर्वात मोठ्या |λ| ला घातांच्या नॉर्मशी जोडणारं वर्णपटीय त्रिज्येचं सूत्रही गेलं. पूर्ण करून घेतलं की सतत फलांचं बीजगणित मिळतं (वायरश्ट्रासचं प्रमेय: सतत फलाच्या हवं तितकं जवळ बहुपदीने जाता येतं) आणि वर्णपट [०, १/२] वर येतो. वर्णपट रिकामा नसणं मात्र पूर्णतेविनाही टिकतं. म्हणून गेलफांड–माझूर प्रमेय (प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त असेल तर संमिश्र बीजगणित म्हणजे संमिश्र संख्याच) नुसत्या नॉर्म्ड बीजगणितातही चालतं.

उत्तर ३: एक भर. ‖क्ष‖ < १ ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात ५, बाकी ० असं २×२ मॅट्रिक्स घ्या: नॉर्म ५, पण क्ष² = ०, त्यामुळे व्यस्त सरळ १ + क्ष. बानाख बीजगणितात एखाद्या घाताचा ‖क्षⁿ‖ < १ झाला तरी भागतं. परीक्षेत हे हमखास विसरतात.