भाटाची वही आणि चौदा पिढ्यांचा हिशेब

तापीकाठ
भाट म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारा. काल इथे एकाने लिहिलं: 'आमच्या भाटाने वही उघडली आणि 14 पिढ्या धडाधड वाचल्या, थेट यादवकाळापर्यंत. तहसिलात धूळ खाणाऱ्यांनी आता शहाणं व्हावं.'

आधी साधा हिशेब करा. पिढीला 25 ते 30 वर्षं धरतात, म्हणजे 14 पिढ्या फार तर 420 वर्षं मागे जातात. यादवांचं राज्य 14व्या शतकाच्या सुरुवातीलाच संपलं. तिथवर पोचायला पंचवीसेक पिढ्या लागतील. एक तर मधली दहा-बारा माणसं गळाली, नाहीतर यादव भाटाला दिलेल्या दक्षिणेच्या वजनाप्रमाणे चिकटवले गेले.

वंशावळ खालून वर चढवायची असते. आधी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, मग वारसनोंदीचे फेरफार, मग कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, आणि शेवटी 1903 च्या कायद्यानंतरची हक्कनोंदणी. बाप-लेकाच्या प्रत्येक जोडीला दोन वेगळे कागद हवेत. एकच मिळाला तर ते नाव पेन्सिलने लिहा.

भाटाला पारखायचं असेल तर त्याला काही सांगू नका. पणजोबांचं नाव त्यालाच वाचायला लावा. लहानपणी गेलेली मुलं, दत्तक, दुसरी बायको वहीत आहे का ते बघा. चुलत शाखेची पानं मागा. सगळ्या पिढ्या एकाच हाताच्या आणि एकाच शाईच्या असतील तर ती नक्कल आहे, आणि नक्कल करताना पानं गळतात.

शिरपूरचे आप्पा
कोतवाल बुकाला एकदम देव्हाऱ्यात बसवलंत! कोतवाल गावात फिरून ऐकलेलं सांगणार, दुसरा कोणीतरी ते लिहिणार. जन्माच्या नोंदीत बहुतेकदा बाळाचं नावच नसतं. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा'. त्या बापाला चार मुलगे असतील तर तुमचे आजोबा त्यातले कोणते?

शाळेच्या रजिस्टरची तीच गत. निम्मं गाव 1 जूनला जन्मलेलं, कारण मास्तरांनी पोराची उंची बघून वर्ष ठरवलं. आणि ज्याच्या नावावर कधी बिघाभर जमीन नव्हती त्याने फेरफार कुठून आणायचे? त्याच्याकडे वही आणि म्हाताऱ्यांची तोंडं, एवढंच असतं.

मोडीवाचक
दोघेही कागद वाचता येतो असं धरून भांडताय. जुने कागद मोडी लिपीत. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, लेखणी उचलायची नाही. 'गणू वल्द तुका', म्हणजे तुकाचा मुलगा गणू, हे सलग येतं आणि कुठे तोडायचं ते तुम्ही ठरवता. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, म्हणजे साठ वर्षांनी त्याच गावात दुसरा 'गणू वल्द तुका' सापडतोच. वय आणि भावांची नावं जुळल्याशिवाय हात लावू नये.

सनाचा घोळ तर विचारूच नका. जुन्या दप्तरात सुहूर आणि फसली असे सन असतात. इसवी सन काढायला सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवायचे, फसलीत 590 किंवा 591. दोन्ही वर्षं मृगाला सुरू होतात म्हणून एकाचा फरक. फसली 1250 म्हणजे 1840-41. त्यात कोणी 599 मिळवले की माणूस नऊ वर्षांनी धाकटा होतो आणि मुलगा बापाच्या आधी मरतो.

बोरीकाठची
'बाप-लेकाची जोडी' म्हणे. बाया कुठल्या कागदावर शोधायच्या? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे असले की मुलीचं नाव वारसनोंदीत येतच नाही. बाई सापडलीच तर 'जनाबाई भ्रतार तुकाराम', म्हणजे नवरा तुकाराम, अशी, माहेर गायब. एकत्र कुटुंबात तर धाकटे भाऊही गायब: सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. लोक समजतात, पणजोबांना भाऊ नव्हतेच.

तापीकाठ
ताई, ए.कु.मॅ.चं बरोबर. त्यासाठी वाटपाचा फेरफार काढायचा, भाऊ तिथे उगवतात. आणि आप्पा, जमीन नसेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. आलेल्याने स्वतः सांगितलेलं, सही-अंगठ्यासकट. गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं.

पांझरापार
आडनाव? खान्देशात? 'पाटील' सांगा आणि बसा दिवसभर.

शिरपूरचे आप्पा
पाटील हे आमचं आडनावच आहे. त्यात हसण्यासारखं काय?

पांझरापार
गावात पाटीलकी एक, तिच्या तक्षिमा म्हणजे वाटे चार आणि पाटील दोनशे. शाळेत नाव घालताना जो तो पाटील झाला आणि सोनवणे, बोरसे, देवरे खाली दबले. वंशावळ तुटते ती तिथेच, वाळवीमुळे नव्हे.

शिरपूरचे आप्पा
तोंड सांभाळून लिहा. कोणाची पाटीलकी खरी ते तुम्ही ठरवणार?

पांझरापार
मी नाही, कागद ठरवतो. 1874 च्या वतन कायद्याखाली वतनदारांची नोंद व्हायची. वाद झाला असेल तर चौकशीत अख्खी वंशावळ सापडते, कोण मयत, कोण दत्तक ते धरून. 1 जानेवारी 1963 ला मुलकी पाटीलकी गेली. त्यानंतरच्या फेरफारात 'वतन खालसा' आणि जमीन परत दिल्याची नोंद असेल तर पाटील वतनदार. नसेल तर आडनाव आहे, ठेवा खुशाल.

शिरपूरचे आप्पा
मग तेही ऐका. 1803-04 चा दुष्काळ आणि होळकरी धामधूम, त्यात इथली गावंच्या गावं उठली. 1818 ला इंग्रज आले तेव्हा कित्येक ओसाड होती, नंतर कुठून कुठून माणसं येऊन बसली. तुमचे सगळे कागद त्यानंतरचे. त्याआधी हे घराणं कुठे होतं ते तहसीलदार सांगणार का?

तापीकाठ
तुम्हनं बी खरं शे आप्पा. 1803 च्या पलीकडे वही हा धागा आहे, तेवढं घ्या माझ्याकडून. पुरावा नाही म्हणणार. वहीत आधीच्या गावाचं नाव असेल तर तिथली चुलत शाखा आणि तिचा भाट शोधायचा. दोन वह्या एकमेकींना न विचारता जुळल्या तर मी शाईने लिहीन.

शिरपूरचे आप्पा
मोठे उपकार झाले.

बोरीकाठची
कामाचं एक. नक्कल मागताना त्या वेळचा तालुका लिहा. धरणगावचं जुनं एरंडोलात, मुक्ताईनगरचं एदलाबादच्या नावाने. मालेगाव, बागलाण 1869 पर्यंत खान्देशातच होते. हतनूर धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांचं दप्तर जुन्या नावाने मागायचं. नाहीतर कारकून 'आढळ होत नाही' असं लिहून मोकळा.

मोडीवाचक
आणि यादववाल्यांनी वहीच्या पानाचा फोटो टाकावा. अख्खं पान, वरचा सन दिसेल असं, फ्लॅश बंद करून. नुसतं आपल्या नावाचं कात्रण नको, आजूबाजूच्या ओळींचा हात बघायचाय.