शब्दचर्चा : ‘पापी हृदय’ की ‘हृदयातले पाप’?

प्रश्न

दादरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या उपासनेनंतर शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबलच्या अभ्यासाचा, वर्ग भरतो आणि त्याच्या टिपणाचे मुद्रितशोधन माझ्याकडे असते. या वेळच्या टिपणात एक वाक्य आहे : ‘नवा जन्म झाल्यावरही विश्वासणाऱ्याचे हृदय पापीच असते.’ (‘नवा जन्म’ म्हणजे देवाकडून मिळणारे नवे आत्मिक जीवन.) आधार म्हणून यिर्मया १७:९ दिले आहे, जिथे हृदयाला कपटी आणि असाध्य म्हटले आहे. वर्गातल्या एका ज्येष्ठ काकांनी ‘पापीच’खाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि समासात फक्त ‘यहे. ३६:२६’ (यहेज्केल) एवढेच लिहून कागद परत केला. त्या वचनात देव पाषाणमय हृदय काढून नवे हृदय देण्याचे अभिवचन देतो. मग नवे मिळालेले हृदय पापी कसे? वाक्यातली चूक सिद्धांताची आहे की शब्दांची?

उत्तर १

मला ती बरीचशी शब्दांची वाटते, आणि तिची सुरुवात ‘हृदय’पासूनच होते. आजच्या मुंबईकराला हृदय म्हटले की एक तर प्रेमगीत आठवते, नाही तर अँजिओग्राफी. हृदयासाठीचा हिब्रू शब्द ‘लेव’ मात्र भावनेइतकेच विचाराचे आणि निर्णयाचेही स्थान आहे. मराठी शास्त्रात या एकाच कल्पनेसाठी तीन शब्द आले आहेत : यहेज्केलात ‘हृदय’, मत्तय ५:८ मध्ये ‘अंतःकरण’ आणि इब्री लोकांस पत्राच्या ३:१२ मध्ये ‘मन’, जरी या शेवटच्या दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द ‘कार्दिया’ हाच आहे. मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार या चौघांना सामावून घेणारा ‘अंतःकरण’ हा शब्द मला ‘लेव’च्या सर्वांत जवळचा वाटतो, पण हे माझे मत झाले.

आता ‘पापी’. धनी, रोगी, पापी या शब्दांतला ‘इन्’ प्रत्यय ‘ते ज्याच्यापाशी आहे तो’ एवढेच सांगतो, त्यामुळे व्याकरणाने पाहिले तर रोगी जसा बरा होऊ शकतो तसा पापीही. वापरात मात्र हे विशेषण व्यक्तीच्या स्वभावालाच चिकटते आणि त्यावर ‘च’ लावला की दार लागून आतून कडी बसते. प्रेषित पौलाचे लेखन वाचताना विश्वासणाऱ्यात उरलेल्या पापासाठी मराठी भाषांतरात ‘देहस्वभाव’ आणि ‘देहवासना’ हे शब्द भेटतात. गलतीकरांस ५:१७ मध्ये आत्मा आणि देहवासना एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत, म्हणजे झगडा आहे, आणि हृदय पूर्वीसारखेच राहिले असते तर झगडायला दुसरा पक्ष उरला नसता.

तीत ३:५ मध्ये ‘नवा जन्म’ आणि ‘नवीकरण’ हे शब्द शेजारी शेजारी येतात, पण त्यांची जात वेगळी आहे. जन्म एकदा होतो. ‘करण’ जोडलेली नामे मात्र चालू कामाची असतात, आणि हे मुंबईत कोणाला समजावून सांगायला नको, कारण ‘काँक्रिटीकरण’ असा फलक रस्त्यावर लागतो तो खणलेल्या खड्ड्याच्या कडेला, काम संपल्यावर नव्हे. २ करिंथ ४:१६ तर आतला मनुष्य दिवसेंदिवस नवा होत आहे, असेच सांगते.

१ योहान १:८ (‘आम्हांत पाप नाही’ असे म्हणणे म्हणजे स्वतःला फसवणे) आणि ३:९ (देवापासून जन्मलेला पाप करत नाही) यांची सांगडही मराठी क्रियापदाने थोडी उलगडते. ‘शेजारचे मासे खात नाहीत’ यात आपण त्यांचे वळण सांगतो. ‘पाप करत नाही’ हेही तसेच वाचणारे बरेच अभ्यासक आहेत, कारण ग्रीक वर्तमानकाळालाही असा अर्थ येतो. तेवढ्यावर सगळी इमारत उभी करू नये, इतकेच.

उत्तर २

मी वसईच्या कॅथलिक घरातला, आता बोरिवलीला राहतो. आमच्याकडे या प्रश्नाला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ मध्ये उत्तर दिले आहे : बाप्तिस्म्यानंतरही ‘कॉन्क्युपिसेन्शिया’ म्हणजे वासना उरते, पण ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नसून पापातून आलेली आणि पापाकडे ओढणारी असते. तिथे तिच्यासाठी ‘फोमेस’ हाही लॅटिन शब्द आहे, ज्याचा मूळ अर्थ ठिणगी धरणारे कोरडे जळण. जळण म्हणजे आग नव्हे, आणि कॅथलिक भूमिका नेमकी या फरकावर उभी आहे.

‘वासना’ हा शब्द येथे फार चपखल बसतो, कारण भारतीय दर्शनांत तो मागे राहिलेल्या संस्कारासाठी वापरतात आणि वस्त्राला लागलेल्या सुगंधाची उपमा देतात. आईची हिंगाची डबी तीनदा घासूनही तिच्यात ठेवलेल्या साखरेला हिंगाचा वास यायचा. हिंग मात्र तिच्यात कणभरही नसायचा. सावधगिरी एवढीच की दर्शनांतली वासना मागच्या जन्मांतून येते, आणि हा घोळ टाळण्यासाठीच तर आपण ‘पुनर्जन्म’ न म्हणता ‘नवा जन्म’ म्हणतो.

उत्तर ३

दोघांचेही पटले, तरी ‘पापी’ शब्दाला इतक्या लवकर हाकलू नये. १ तीमथ्य १:१५ मध्ये पौल पापी लोकांत स्वतःला मुख्य म्हणतो, आणि तेथील क्रियापद ‘होतो’ नसून ‘आहे’ असे आहे. प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरचे प्रसिद्ध सूत्र तर विश्वासणाऱ्याला एकाच वेळी नीतिमान आणि पापी म्हणते. वर आलेले इब्री ३:१२ पाहा : ‘बंधुजनहो’ असे संबोधून पत्रलेखक अविश्वासाच्या दुष्ट मनाविषयी सावध करतो, म्हणजे धोका मंडळीच्या आतला आहे. रोझरी म्हणणारी माझी कॅथलिक शेजारीण ‘नमो मरिया’ या प्रार्थनेत रोज स्वतःला पापी म्हणवते. ‘मी पापी आहे’ ही कबुली आहे आणि ‘त्याचे हृदय पापीच असते’ हे निदान आहे. पहिल्यातला शब्द दुसऱ्यात उचलून ठेवला की तो कठोर होतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. यिर्मयाचे वचन काढून गलतीकरांस ५:१७ घातले आणि वाक्य असे केले : ‘नवा जन्म एकदाच होतो, अंतःकरणाचे नवीकरण मात्र चालू राहते, आणि तोवर देहस्वभावातले पाप विश्वासणाऱ्याशी झगडत राहते.’ काकांनी कागद दोनदा वाचला, आधीच्या दोन रेघा खोडरबराने पुसल्या आणि ‘तोवर’खाली नवी एक ओढली. ‘कधीपर्यंत, ते पुढच्या रविवारी,’ असे म्हणून त्यांनी पेन्सिल खिशाला लावली.